रात्री वस्तीवर चोर आले तर : लाठी, कोयता, बंदूक आणि कायद्याची हद्द (सोलापूर जिल्हा)

काळी_माती_मोहोळ (धागा सुरू)

चोरीची एक बातमी आली की गावोगावच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. "हत्यार उशाला ठेवा, आला की तोडा, घरात घुसलेल्याला मारलं तर कायदा काही करत नाही." यातलं थोडं खरं आहे, पण बरंच धोक्याचं आहे. शेतवस्तीवर राहणाऱ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी कलमासकट लिहावं. ऐकीव नको, स्वतःचे किस्सेही नकोत.

मला चार प्रसंगांचं उत्तर हवंय. बोअरवरची केबल कापताना माणूस दिसला. रात्री दोन वाजता घराचं दार तोडून कोणी आत आलं. तोच माणूस ऐवज घेऊन उसातून पळत सुटला. आणि चौथा, कोणी अनोळखी नुसता वस्तीजवळ फिरतोय. चारही ठिकाणी हातात काठी आहे असं समजा. काय करता येतं आणि काय नाही?

---

कोर्टाची_पायरी

आधी कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ आहेत. मजकूर जवळपास तोच आहे, आकडे बदलले. त्यामुळे जुने निकाल अजूनही लागू पडतात.

कायदा याला "खाजगी बचावाचा हक्क" म्हणतो. कलम ३५ प्रमाणे तो आपल्या शरीरासाठी आहे, दुसऱ्याच्या शरीरासाठी आहे, आणि आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही आहे. म्हणजे शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला तर धावून जाणाऱ्यालाही हाच हक्क मिळतो. कलम ३७ त्याला दोन कुंपणं घालतं. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही.

आता तुमचे चार प्रसंग.

केबल चोरणारा. उघड्या रानातली चोरी ही "चोरी" आहे, घरफोडी नाही. इथे कलम ४२ लागतं. त्यात मृत्यू सोडून इतर इजा करता येते, तीही गरजेपुरती. अडवा, धरा, हातातली पक्कड पाडायला हातावर काठी मारा. डोक्यात पार घातली तर तो बचाव राहत नाही. मात्र त्याच चोराने कोयता उगारला की प्रसंग बदलतो. मग मालमत्तेचा प्रश्न मागे पडतो आणि शरीराच्या बचावाचं कलम ३८ लागू होतं.

रात्री दार तोडून आत आलेला. हे कलम ४१. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा मालाच्या गोदामाला आग लावणे, आणि ज्या चोरीत वा गृह-अतिक्रमणात "आता आपण मरतो किंवा गंभीर जखमी होतो" अशी रास्त भीती वाटावी ती चोरी. या चार ठिकाणी मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. जुन्या कायद्यात "रात्रीची घरफोडी" असा शब्द होता, आता सूर्यास्त-सूर्योदय स्पष्ट लिहिलंय. पण कलम ३७ चं कुंपण इथेही आहेच. सतरा वर्षांचं पोर भिंतीला टेकून हात वर करून उभं असेल आणि चौघांनी त्याला जीव जाईस्तोवर मारलं, तर कलम ४१ कामाला येणार नाही.

पळणारा. सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. कलम ४३ बघा. घरफोडीविरुद्धचा हक्क तो माणूस घरात आहे तोवरच चालतो. उंबऱ्याबाहेर पडून पाठ फिरवली की जीव घेण्यापर्यंतचा हक्क संपला. चोरीविरुद्धचा हक्क मात्र तो ऐवजासकट निसटेपर्यंत, किंवा पोलीस येईपर्यंत, किंवा ऐवज परत मिळेपर्यंत चालतो. म्हणून पाठलाग करता येतो, पिशवी हिसकावता येते, पाडून धरता येतं. पाठीत गोळी घालता येत नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य, १९६३. शेतजमिनीचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समोरचे पळू लागले तिथे धोका संपला आणि त्याबरोबर हक्कही संपला.

चौथा, नुसता फिरणारा. हक्क सुरूच झालेला नाही. टॉर्च मारा, नाव-गाव विचारा, ११२ लावा. अंगाला हात लावायचा नाही.

शरीराच्या बचावात जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो ते कलम ३८ मध्ये आहे : मृत्यूची भीती, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणे, सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचता येणार नाही अशा रीतीने डांबणे, आणि ॲसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न. गंभीर दुखापत म्हणजे काय हे कलम ११६ मध्ये आहे. हाड किंवा दात मोडणं सुद्धा त्यात येतं.

---

चार_हुतात्मा

वकीलसाहेब, अंधारात, झोपेतून उठून, कोण किती इजा करतोय हे तोलून मारायचं कसं माणसानं? बायकापोरं आत आहेत. कायदा लिहिणारा उजेडात बसून लिहितो.

---

कोर्टाची_पायरी

रास्त प्रश्न आहे, आणि न्यायालयांनी तो ओळखलेला आहे. अमजद खान खटला, १९५२. मध्य प्रदेशातल्या कटनीत दंगल झाली. जमावाने त्यांच्या भावाच्या दुकानाचा भाग फोडला आणि मग त्यांच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत घरची बायकामुलं. त्यांनी बंदुकीतून दोन बार काढले, एक माणूस मेला, काही जखमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की अशा वेळी बचाव सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही. जमाव दार फोडून आत येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. दर्शन सिंग खटल्यात (२०१०) हीच तत्त्वं पुन्हा एकत्र मांडली गेली. भीती रास्त असली की पुरे, घाव प्रत्यक्ष बसायची वाट पाहावी लागत नाही. पळून जाता येत असतानाही उभं राहिलो म्हणून हक्क जात नाही.

पण "तोलता येत नाही" याचा अर्थ "कितीही चालतं" असा नाही. न्यायाधीश नंतर तीन गोष्टी बघतात : जखमा किती, शरीरावर कुठे, आणि कोणत्या बाजूने. समोरून हातावर, खांद्यावर दोन घाव आणि मागून डोक्यात सात घाव, हे दोन वेगळे खटले आहेत. शवविच्छेदनाचा अहवाल तुमच्या तोंडी जबाबापेक्षा मोठ्याने बोलतो.

हद्द ओलांडली गेलीच, पण हेतू प्रामाणिक होता, आधी ठरवलेलं नव्हतं, तर कलम १०१ चा दुसरा अपवाद आहे. तेव्हा तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा कमी होते, सुटका होत नाही.

---

उसाचं_पाचट

कोयत्याचं काय? माळशिरस, पंढरपूर, माढा पट्ट्यात प्रत्येक घरी कोयता, कुऱ्हाड, विळा असतो. आणि हल्ली पोरं तलवारी मागवतात ऑनलाइन, "शोभेची" म्हणून. लाठीला परवाना लागतो का?

---

पोलीसपाटील_वाचक

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ एकत्र वाचावे लागतात. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचवा प्रवर्ग धारदार हत्यारांचा आहे : तलवार, गुप्ती, जंबिया, भाला, संगीन, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू. त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता गोठ्यात असणं गुन्हा नाही. तोच कोयता रात्री अकरा वाजता मोटारसायकलच्या डिकीत घेऊन सात रस्त्यावर फिरणाऱ्याला "शेतीचं अवजार" हे उत्तर देता येत नाही. वस्तू तीच असली तरी वेळ, जागा आणि कारण बघितलं जातं. शोभेच्या तलवारीला धार लावली की ती शोभेची राहत नाही. नऊ इंचांची पट्टी तिलाही लागते.

लाठीला परवाना नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७(१) विसरू नका. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी हे एका वेळी १५ दिवसांपर्यंत आदेश काढतात. गड्डा यात्रा, आषाढी वारी, निवडणुका, सणवार असले की हा आदेश बहुधा असतोच. तेवढ्या दिवसांत सार्वजनिक जागी तलवार, भाला, सुरा तर सोडाच, लाठी, काठी आणि मारायला गोळा केलेले दगडसुद्धा बाळगता येत नाहीत. मोडलं तर कलम १३५ खाली किमान ४ महिने, कमाल १ वर्ष कैद आणि दंड. वयामुळे काठी लागते अशांना आदेशातच सूट लिहिलेली असते. आदेश वाचूनच ग्रुपवर "गस्तीला लाठ्या घेऊन या" असा मेसेज टाकावा.

घरात, आपल्या आवारात, पाच फुटांची वेळूची काठी आणि चांगली टॉर्च हेच वस्तीवर सगळ्यात उपयोगी पडतं. काठीने अंतर राखता येतं. चाकू वापरायला जवळ जावं लागतं आणि तो हातातून हिसकावला जातो. काठी मांडीवर, नडगीवर, हत्यार धरलेल्या मनगटावर. डोकं, मान, बरगडी टाळावी. डोक्यात बसलेला एकच घाव माणूस मारतो, आणि मग वर साहेबांनी लिहिलेलं सगळं दोन-तीन वर्षं कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

---

बारा_बोअर

बंदुकीबद्दल लिहितो, कारण अर्धे लोक अर्जातच चुकतात.

परवाना देणारा अधिकारी कोण? सोलापूर शहर हद्दीत पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. आपली वस्ती कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी बघा. शहराच्या कडेच्या गावांत लोक चुकीच्या कार्यालयात अर्ज घेऊन बसतात आणि महिने जातात.

अर्ज नमुना ए-१. सोबत ओळख, रहिवास आणि वयाचे पुरावे, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि कारण. कारणाच्या जागी "स्वसंरक्षणासाठी" एवढंच लिहिलं की अर्ज तिथेच बसतो. वस्ती गावठाणापासून किती किलोमीटर, आसपास किती घरं, पूर्वी झालेल्या चोरीच्या फिर्यादींचे क्रमांक, रोख हाताळण्याचा व्यवसाय असेल तर त्याचे कागद, असं लिहा. पोलीस ठाण्याचा अहवाल शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ खाली मागवला जातो (पुढची कलमंही त्याच कायद्याची). तपासाला येणारा अंमलदार शेजाऱ्यांनाही विचारतो. नकार आला तर लेखी कारण मिळतं (अपवाद सोडून), आणि कलम १८ खाली ३० दिवसांत अपील करता येतं.

२१ वर्षांखालच्यांना नाही. हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर ५ वर्षं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका आणि परवान्याची मुदत ५ वर्षं झाली. आजोबांची जुनी तिसरी बंदूक घरात राहिली असेल तर ती बेकायदा आहे. परवानाधारक वारला की वारसांनी बंदूक लागलीच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसा-अर्ज. "बाबांची आठवण" म्हणून माळ्यावर ठेवलेली एकनळी घरातल्या सगळ्यांना आरोपी करू शकते.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. कलम १३(३) मध्ये संरक्षण किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा वेगळा उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर मागण्यापेक्षा हा अर्ज वस्तीवरच्या गरजेला जास्त पटतो.

आता वापर. घरात बंदूक आणि काडतुसं कुलपात, आणि वेगवेगळी. भरलेली बंदूक खुंटीला टांगणं हा चोरालाच हत्यार देण्याचा मार्ग आहे, आणि पोरांचा जीव जातो तो वेगळा. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना जाऊ शकतो. दुसऱ्याच्या हातात देणं, मुलाने "जरा घेऊन येतो" म्हणणं, हेही अट मोडणंच.

हवेत बार काढायचा की नाही हे सगळे विचारतात. कायद्यात "आधी हवेत गोळी झाडा" असं कुठे लिहिलेलं नाही. खरा धोका असेल तर हवेतला बार बचावाचा भाग ठरू शकतो. केबल चोरणाऱ्याला हाकलायला झाडलेला बार मात्र त्रास देतो. छरे खाली येतात, उसात लपलेला दुसरा माणूस असतो, शेजारची वस्ती असते. छऱ्यांचा फैलाव अंतराबरोबर वाढतो. एकाला मारायला गेलेला बार तिघांना लागतो. लग्नात, वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून कलम २५(९) आहे : २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निवडणूक आली की छाननी समिती कोणाच्या बंदुका जमा करायच्या ते ठरवते. नोटीस आली की मुदतीत जमा करा, पावती जपा. पावती हरवली की परत मिळवायला फेऱ्या होतात.

आणि गावठी कट्टा. बनवणं-विकणं याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे, बाळगणाऱ्यालाही कैद ठरलेलीच. बचाव खरा असला तरी कट्ट्याचा गुन्हा वेगळा चालतो आणि तो सुटत नाही. नळी कुठल्यातरी पाइपची असते, कधी फुटून बोटं घेऊन जाईल सांगता येत नाही.

---

रात्रपाळी_एमआयडीसी

चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून रात्री सुटणाऱ्या बायकांसाठी विचारते. मिरचीचा फवारा पर्समध्ये चालतो का? कोणी म्हणतं बेकायदा आहे.

---

कोर्टाची_पायरी

ताई, चालतो. शस्त्र नियमांच्या यादीत मिरचीचा फवारा नाही, परवाना लागत नाही. विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही. पण वापरताना नियम तेच : अंगावर येणाऱ्यावर, येतोय तेवढा वेळ. दुकानातल्या भांडणात समोरच्याच्या तोंडावर मारला तर गुन्हा नोंदतो. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात गुन्हा रद्द करायला नकार दिला, कारण जिवाला तातडीचा धोका दिसत नव्हता.

वापरायची रीत कळणं महत्त्वाचं. वाऱ्याची दिशा बघायची, नाहीतर फवारा आपल्याच डोळ्यात येतो. हात लांब करून, दोन-तीन मीटरवरून, डोळ्यांच्या रेषेत एक-दोन सेकंद, आणि लगेच बाजूला होऊन उजेडाकडे पळायचं. थांबून बघायचं नाही. डबीवर वापराची मुदत असते, जुन्या डबीतला दाब गेलेला असतो. पर्सच्या तळाशी, टिफिनखाली असेल तर नसल्यासारखीच, म्हणून ओढणीच्या बाजूच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. आणि कलम ३८ लक्षात असू द्या. बलात्काराचा, पळवून नेण्याचा किंवा ॲसिडचा हल्ला असेल तर हातात येईल ते, कात्री, दगड, टाच, काहीही वापरायचा हक्क पूर्ण आहे. तिथे "जास्त तर लागलं नाही ना" म्हणून हात आखडू नका.

---

काळी_माती_मोहोळ

घटना घडून गेली, चोर जखमी होऊन पडलाय. पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. ते लिहा.

---

कोर्टाची_पायरी

हा भाग सगळ्यात मोलाचा आहे म्हणून सावकाश लिहितो.

पहिलं, मारणं थांबवा. तो पडला, हत्यार सुटलं, की हक्क संपला. त्यानंतर बसलेली प्रत्येक लाथ तुमच्याविरुद्धचा पुरावा असते, आणि हल्ली कोणी ना कोणी मोबाइलवर चित्रित करत असतं.

दुसरं, ११२. पहिला फोन तुमचा असला पाहिजे. चोराच्या माणसांचा आधी गेला तर तुमची बाजू "नंतर सुचलेली" दिसते. फोनवर चार वाक्यं : कुठे, किती जण आले, कोण जखमी, रुग्णवाहिका पाठवा. "मीच मारला, मरू दे" असलं रागातलं काही नाही, फोन ध्वनिमुद्रित होतो. जखमीच्या रक्तस्रावावर स्वच्छ कापड दाबून धरा. ही माणुसकी आहेच, आणि खुन्नस नव्हती हेही त्यातूनच दिसतं.

तिसरं, जागा हलवू नका. तुटलेली कडी, पहार, सांडलेलं रक्त, रिकामी काडतुसं, चप्पल, सगळं तिथेच. सकाळी शेणाने सारवून घ्यायची सवय असते. ते करू नका. बंदूक असेल तर रिकामी करून कुणाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि पंचांसमोर द्या. जवळून झाडलेल्या गोळीच्या जखमेभोवती काळपटपणा आणि बारीक टोचलेल्या खुणा राहतात, लांबून झाडली की राहत नाहीत. "तो अंगावर आला होता" हे खरं असेल तर या खुणाच साक्ष देतात.

चौथं, तुमच्या स्वतःच्या जखमा. आपल्या लोकांचं इथे फार चुकतं. "एवढंसं तर खरचटलंय" म्हणून हळद लावून मोकळे होतात. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचं स्पष्टीकरण सरकार पक्ष देऊ शकला नाही तर न्यायालय त्याचा फायदा आरोपीला देऊ शकतं. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य, १९७६. नोंदच नसेल तर कशाचं स्पष्टीकरण मागणार?

पाचवं, कॅमेरा. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्यातलं) चित्रण काही दिवसांनी स्वतःवरच पुसून लिहिलं जातं. त्याची वायर काढून ठेवा आणि डबा तसाच पोलिसांना द्या, पंचनाम्यात अनुक्रमांक लिहून घ्या. नुसती क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवलेली कोर्टात टिकायला कठीण. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) असतं.

गुन्हा तुमच्यावर नोंदणार नाही असं समजू नका. माणूस मेला तर बहुतेक वेळा नोंदतोच, अटकही होऊ शकते, आणि बचाव खरा होता का हे न्यायालय ठरवतं. साक्ष्य अधिनियम कलम १०८ प्रमाणे ते दाखवायचा भार आरोपीवर आहे. पण सरकार पक्षाला जितकं पक्कं सिद्ध करावं लागतं तितकं नव्हे. जास्त शक्यता तुमच्या बाजूची आहे एवढं दिसलं की पुरे, आणि ते सरकारच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येतं. म्हणून तुमची स्वतंत्र फिर्याद त्याच दिवशी द्या : घरफोडी, जबरी चोरी, पाच किंवा जास्त जण असतील तर दरोडा. प्रत मोफत मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००.

---

डाळिंब_सांगोला

माणसापेक्षा रानडुकरांचा त्रास जास्त आहे म्हणून लोक तारेला थेट करंट सोडतात, आणि "चोरही येत नाही" म्हणतात. हे बचावात बसतं का?

---

बारा_बोअर

बसत नाही, आणि हे कळकळीने सांगतो, बंद करा. बचावाचा हक्क समोर धोका असताना, माणसाने बघून वापरायचा आहे. तार बघत नाही. ती पाणी द्यायला निघालेल्या गड्यालाही धरते आणि पलीकडच्या पोरालाही. २३० व्होल्टच्या सलग प्रवाहात स्नायू आवळतात, हात सुटत नाही, ओल्या रानात काही सेकंदांत हृदय बंद पडतं. माणूस गेला तर सदोष मनुष्यवध किंवा निष्काळजीपणाने मृत्यू, वर विद्युत अधिनियमातलं वीजचोरीचं कलम १३५.

झटका मशीन वेगळं. ते बॅटरी-सोलरवर चालतं, तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचा उच्च दाबाचा ठोका सोडतं. मधल्या वेळात हात सुटतो. प्रमाणित मशीनमध्ये एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या आत असते. खरेदी करताना प्रमाणचिन्ह बघा. अर्थिंगचा गज ओल्या जागी खोल ठोका, उन्हाळ्यात त्याच्या मुळाशी पाणी घाला. आपल्या काळ्या रानात भेगा पडल्या की अर्थिंग सुटतं आणि मशीन चालू असूनही तार गार पडते, मग लोक वैतागून थेट लाइन जोडतात. तारेखालचं गवत कापत राहा, ओलं गवत चिकटलं की ठोका जमिनीत जातो. रस्त्याच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा. आणि मशीनचं आउटपुट सोडून मेनची कुठलीही वायर त्या तारेजवळून नेऊ नका.

---

पोलीसपाटील_वाचक

चौथ्या प्रसंगावर थोडं लिहायचं राहिलं होतं, अनोळखी माणूस.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा होती. ते भिक्षुकीवर पोट भरणारे भटके होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्या जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. ज्या जमावाने मारलं त्यालाही आपण गावाचं रक्षणच करतोय असं वाटत होतं. त्यामुळे सोलापूरकराने तरी "संशयित दिसला, धरा" हा मेसेज पुढे पाठवताना ते पाच जण आठवावेत. अशा मारहाणीत "कोणी मारलं ते कळलं नाही" म्हणून सुटका होत नाही. हेतू सामायिक धरला जातो.

गस्त घालायची असेल तर पोलीस ठाण्यामार्फत घाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये ग्राम संरक्षण दलाची तरतूद आहे, ठाणेदाराकडे नावं देऊन रीतसर दल करता येतं. गस्तीच्या वहीत तारीख, वेळ, कोण होतं, कोणती गाडी दिसली, नंबर. जोडीने फिरायचं. शिट्टी, टॉर्च आणि चार्ज केलेला फोन प्रत्येकाकडे.

चोर खरंच हाती लागला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसाला अटकेचा अधिकार देतं. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला असेल तरच. नव्या कायद्यात वेळ घातलीय : विनाकारण उशीर न करता आणि ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. रात्री तीनला धरलेला माणूस सकाळी नऊच्या आत ठाण्यात. देवळाच्या खांबाला बांधून दुपारी सरपंच आल्यावर निवाडा, असं केलं की तुमच्यावरच डांबून ठेवल्याचा गुन्हा. हात बांधले असतील तर रक्त थांबेल असे आवळू नका, पाणी द्या, आणि धरल्याची वेळ वहीत लिहा.

---

माळरान_उत्तर

उत्तर सोलापूर आणि मोहोळच्या लोकांसाठी एक भर. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या बंदुकीची वन खात्याकडे नोंद करायची असते. आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. अर्ज महिनोन्महिने अडकतात त्यामागे बरेचदा हे असतं. लोक पोलीस ठाण्यात चौकशी करत राहतात आणि कागद वनभवनात पडलेला असतो.

लांडगा, बिबट्या अंगावर आला तर कलम ११(२) आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावात सद्‌भावनेने मारला वा जखमी केला तर गुन्हा नाही, पण त्या वेळी तुम्ही स्वतः बेकायदा काही करत नसला पाहिजेत. म्हणजे फास लावायला गेलेल्याला हे कलम नाही. शेळी नेली म्हणून मागोमाग जाऊन लांडगा मारला, तर तोही बचाव नाही. त्याचा मार्ग पंचनामा आणि नुकसानभरपाई. मेलेला प्राणी सरकारचा, कातडं-नखं काढायची नाहीत.

---

उसाचं_पाचट

१० किलोमीटर कसं मोजतात, रस्त्याने की सरळ? आमचा गट रस्त्याने बारा आहे.

---

माळरान_उत्तर

कायद्यात त्रिज्या म्हटलंय, म्हणजे हद्दीपासून सरळ रेषेत. रस्त्याने बारा असेल तर सरळ रेषेत आत येण्याची शक्यता बरीच आहे. गट नंबर आणि सातबारा घेऊन वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जा, नकाशावर लेखी अंतर घ्या, आणि ते पत्र ए-१ अर्जाला जोडूनच द्या.